साबणाची वडी आणि घरभरची कामं

अगं, नवं बिऱ्हाड मांडलंस, भांडीकुंडी लागली, पडदे टांगून झाले, आता महिन्याच्या सामानाची यादी करायला बसली असशील. त्या यादीत साफसफाईच्या नावाखाली किती बाटल्या लिहिल्यास, एकदा बघ. काचेची वेगळी, फरशीची वेगळी, कुंड्यांवर मारायचा फवारा वेगळा, दाराच्या बिजागऱ्यांना तेलाचा स्प्रे वेगळा. यादी दुकानात पाठवण्याआधी माझं थोडं ऐक. साध्या साबणाच्या दोन वड्या जास्त लिही आणि त्या बाटल्यांपैकी निम्म्या तूर्त राहू दे. महिनाभरात तुझं तुलाच कळेल की त्यांतल्या कशावाचून अडलं आणि कशावाचून नाही.

साबणाला आपण अंग आणि कपडे धुण्यापलीकडे कधी विचारतच नाही. पण त्याचे तीन गुण नीट ओळखून ठेव. कोरडा साबण सुळसुळीत असतो, दोन वस्तूंमधलं घर्षण कमी करतो. ओला साबण तेल आणि पाणी यांची गाठ घालून देतो, म्हणून तेलकट मळ पाण्याबरोबर वाहून जातो. आणि तिसरं म्हणजे साबण क्षारधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, साडेपाचच्या आसपास. एवढं डोक्यात ठेवलंस की घरगुती युक्त्यांची वही पाठ करायला नको. कुठलं काम साबणाचं आणि कुठे त्याला लांब ठेवायचं, हे तुझं तूच ठरवू शकशील.

आधी वडी कुठली घ्यायची ते सांगते, कारण निम्मी माणसं इथेच फसतात. दुकानात साबण म्हणून मिळणारी प्रत्येक वडी साबण नसते. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून होतो तो खरा साबण. कपड्यांच्या निळ्या-हिरव्या वड्यांपैकी बऱ्याचशा डिटर्जंटच्या असतात, आणि भांड्यांच्या बारमध्ये तर घासण्यासाठी बारीक भुकटीही घातलेली असते. त्या आपापल्या जागी उत्तम आहेत, पण मी पुढे सांगणार आहे त्या कामांना नकोत. भांड्यांचा बार आरशाला लावलास तर चरे पडतील आणि डिटर्जंट झाडांवर फवारलास तर पानं जळतील.

अंगाच्या साबणाचं वेष्टन उलटं करून बघ. एका कोपऱ्यात टीएफएम असं लिहून पुढे आकडा दिलेला असतो. तो म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के असावा लागतो, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६०. ज्या वडीवर ‘बेदिंग बार’ असं छापलेलं असतं तिचं मानकच वेगळं आहे, तिथे ४० टक्क्यांवरही चालतं. घरकामासाठी पहिल्या प्रतीची, फारसा रंग-वास नसलेली पांढरी किंवा फिकी पिवळी वडी घे. धुण्याचा जुन्या वळणाचा पिवळा साबण, आपल्या आज्यांच्या मोरीत ५०१ चा बार असायचा ना, त्या जातीचा मिळाला तर तोही चालेल.

आता कोरड्या साबणाकडे वळू. इथे पाण्याचा थेंबही लागत नाही.

पावसाळा लागला की जुन्या कपाटाचे लाकडी खण अडायला लागतात. लाकूड हवेतली ओल ओढून फुगतं आणि खण बाहेर येता येत नाही. अशा वेळी ओढाताण करू नकोस. खण हळूहळू डावीकडून-उजवीकडून हलवत पूर्ण बाहेर काढ आणि उजेडात धरून त्याच्या कडा निरख. जिथे तो घासतो तिथे लाकूड चकचकीत झालेलं किंवा काळपट पट्टा उमटलेला दिसेल. नेमक्या त्या पट्ट्यावर आणि कपाटातल्या ज्या पट्टीवरून खण सरकतो तिच्यावर कोरडी वडी दाबून फिरव. पांढरा पातळ थर बसला की खण आत सरकवून बघ. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. आणि एक लक्षात ठेव. जुलै महिन्यात कुणी रंधा मारून देतो म्हणालं तर नको म्हण. आत्ता तासलेला खण डिसेंबरात लाकूड सुकलं की खुळखुळायला लागतो. रंध्याचं काम कोरड्या दिवसांतच करून घ्यावं.

हाच उपाय लाकडी खिडकीच्या अडणाऱ्या कवाडाला, पडद्याच्या दांडीला आणि कुरकुरणाऱ्या बिजागरीलाही चालतो. बिजागरीवर साबण फिरवलास की दार पाच-सहा वेळा उघडझाप कर, म्हणजे तो सांध्यात शिरेल. कुलपात मात्र साबण घालू नकोस. तिथे तो धूळ धरून बसतो आणि किल्ली आणखीच अडते. कुलपासाठी किल्लीच्या दातांवर पेन्सिलीचं शिसं घासायचं.

जीन्सची, पिशवीची किंवा रेनकोटची चेन अडली तर आधी तिच्यात अडकलेले दोरे, धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढ. मग चेन बंद करून दोन्ही अंगांनी दातांवर साबणाची कडा फिरव आणि सरकपट्टी अगदी थोडी थोडी खाली-वर कर. जोर लावलास तर दात वाकतात, मग चेनच बदलावी लागते.

भिंतीवरचं फडताळ बसवताना लाकडात स्क्रू जड जात असेल तर सुतार त्याचं टोक साबणावर फिरवून घेतात. पितळी स्क्रूला हे उत्तम. लोखंडी स्क्रूला मात्र मेणबत्तीचं मेण लाव, कारण साबण ओल धरतो आणि आपल्या दमट हवेत, कोकणपट्टीत तर विशेषच, लोखंड आतल्या आत गंजायला लागतं. आणि दिवाळीआधी रंग काढणार असाल तर खिडक्यांच्या काचांना चौकटीलगत कोरड्या साबणाचा रुंद पट्टा ओढून ठेव. काचेवर सांडलेला रंग त्या थरावर बसतो आणि नंतर ओल्या फडक्यानं निघून येतो. ब्लेडनं खरवडत बसायचं काम वाचतं.

शिवणाच्या डब्यात साबणाची झिजलेली पातळ कपची कायम ठेव. गडद कापडावर, काळ्या ब्लाउजपीसवर किंवा गर्द निळ्या परकरावर कापायची रेघ आखायची तर पेन दिसत नाही आणि खडूची रेघ जाड पडते. साबणाच्या झिजलेल्या कडेनं बारीक, स्वच्छ पांढरी रेघ येते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. रेशमावर मात्र ही रेघ ओढू नकोस. गोधडी शिवायला घेतलीस तर साबणाचा खरा हात तिथे लागतो. जुन्या सुती साड्यांचे चार-पाच पदर एकावर एक आले की सुई मध्येच अडते, बोटं दुखतात, दोरा गुंततो. दर काही टाक्यांनी सुई साबणावर एकदा घासायची आणि दोऱ्याचं टोक साबणावरून ओढून घ्यायचं. टोक ताठ होतं, सुईत चटकन जातं, आणि सुई पदरांतून सरसर निघते. काम झालं की सुई पुसून डबीत ठेव. साबणातच खोचून ठेवलीस तर तिला गंज चढेल.

बांगड्यांचं तर तुला ठाऊकच असेल. काचेच्या बांगड्या भरताना किंवा घट्ट पाटली काढताना हात ओल्या साबणानं बुळबुळीत कर, बोटं सैल सोड आणि अंगठा तळहातात मुडपून घे. हात जितका आवळशील तितका तो रुंद होतो. अंगठी अडकली असेल तर आधी हात काही मिनिटं डोक्याच्या वर धर, गार पाण्यात बुडव, मग साबण लावून अंगठी गोल फिरवत पुढे आण, सरळ ओढू नकोस. बोट निळसर पडलं किंवा बधिर झालं तर घरगुती खटपट तिथेच थांबव आणि दवाखान्यात जा. त्यांच्याकडे अंगठी कापायचं हत्यार असतं. सोनं पुन्हा जोडता येतं गं, बोटाचं तसं नाही.

गावी चुलीवर स्वयंपाक करायची वेळ आली, शेतावर हुरड्याला माणसं जमली, तर भांड्यांची काजळी घासता घासता नको जीव होतो. जुन्या बायका भांड्याच्या बुडाला बाहेरून माती किंवा राखेचा लेप द्यायच्या तो यासाठीच. साबणानंही तेच काम होतं. वडी किंचित ओली करून पातेल्याचं बूड आणि बाहेरचा भाग जाडसर माखायचा, वरची कडा दोन बोटं सोडायची आणि थर वाळू द्यायचा. मग खुशाल चुलीवर चढव. काजळी भांड्याला न चिकटता साबणाच्या थरावर बसते, आणि धुताना सगळी काळिमा पाण्याबरोबर उतरते. आतल्या बाजूला साबण लागणार नाही याची काळजी घे. गॅसच्या शेगडीवर याची काही गरज नाही.

आता ओल्या साबणाची कामं. यातलं पहिलं काम मी तुला हट्टानं करायला लावणार आहे, कारण ते जिवाशी निगडित आहे.

सिलिंडर बदलला की दर वेळी साबणाच्या पाण्यानं गळती तपासायची. वाटीत थोडा साबण विरघळवून दाट फेस कर. शेगडीची सगळी बटणं बंद, घरात कुठेही ज्योत नाही, देव्हाऱ्यातली निरांजन-समईसुद्धा नाही, हे आधी बघ. मग रेग्युलेटर चालू करून तो फेस ब्रशनं किंवा बोटानं रेग्युलेटरच्या सांध्याला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नळीभर लाव. फेस जागच्या जागी शांत बसला तर ठीक. एखाद्या ठिकाणी फुगा धरून वाढायला लागला, फुटून पुन्हा धरायला लागला, तर तिथून गॅस निघतोय. लगेच रेग्युलेटर बंद कर, तो काढून सिलिंडरला टोपी लाव, दारं-खिडक्या उघड आणि विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नकोस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून दारं सताड उघडी ठेवायची. मग घराबाहेर जाऊन वितरकाला किंवा १९०६ या तातडीच्या क्रमांकावर फोन कर. काडी पेटवून गळती बघणारी माणसं अजूनही आहेत. कुणी तसं करायला निघालं तर त्याचा हात धर. आणि आधीच घरात गॅसचा उग्र वास भरला असेल तर फेसबीस करत बसायचं नाही, सरळ रेग्युलेटर बंद करून बाहेर पडायचं. नळीवर छापलेली तारीखही बघून ठेव. सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची असते.

आता तुझ्या गॅलरीतली जास्वंद. कळ्यांच्या देठाशी आणि कोवळ्या शेंड्यांवर पांढरे कापसाळ पुंजके दिसतायत का? तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या पानांखाली हिरवे किंवा काळे बारीक किडे दाटीवाटीनं बसले असतील तर तो मावा. खोडावरून मुंग्यांची ये-जा दिसली तर ती मोठी खूण समज, कारण हे किडे रस शोषून चिकट गोड स्राव सोडतात आणि मुंग्या त्यासाठी येतात, वर त्या किड्यांची राखणही करतात. अशा मऊ अंगाच्या किड्यांवर साबण चांगला चालतो. त्यांच्या अंगावरचं मेणचट आवरण साबणामुळे मोडतं आणि ते मरतात.

प्रमाण नीट पाळ. अर्धा लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम साबण, म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा विसावा भाग. किसून कोमट पाण्यात विरघळव, गाळून घे, गार झालं की फवाऱ्यात भर. जास्त घातला की जास्त गुण येतो असं नाही, पानंच करपतात. आधी एका पानावर मारून एक दिवस थांब. मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला, देठांच्या बेचक्यात, जिथे किडे बसले असतील तिथे भिजेल इतकं फवार. साबण ओला असेपर्यंतच काम करतो, सुकला की त्याचा असर संपतो, म्हणून ज्या किड्याला पाणी लागलं नाही तो वाचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी झाड साध्या पाण्यानं धुऊन टाक आणि आठवड्यानं पुन्हा एकदा कर, कारण अंड्यांतून नवे किडे निघतात. पुंजके फार दाट असतील तर आधी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं ते पुसून घे. नेच्यासारख्या नाजूक पानांच्या झाडांवर हा फवारा नको.

इथेच पाण्याचंही बोलून घेते. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. त्यांच्याशी साबण बांधला जातो आणि फेसाऐवजी पांढरा साका तयार होतो, तोच बादलीच्या आणि बेसिनच्या कडेला बसतो. अशा पाण्यात झाडांचा फवाराही फुकट जातो. त्यासाठी पावसाचं धरून ठेवलेलं पाणी किंवा आरओ फिल्टरचं पिण्याचं पाणी वापर. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी घेऊ नकोस, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. आणि ‘साबणाच्या पाण्यात लिंबू पिळा, व्हिनेगर घाला, दुप्पट ताकद येते’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आम्ल पडलं की साबण नासलेल्या दुधासारखा फुटतो, त्याचे तेलकट कण वेगळे होतात आणि धुण्याची शक्ती जाते. नळावरचे क्षाराचे डाग व्हिनेगरनं काढायचे असतील तर साबणाचं काम आटोपून, जागा धुऊन, मग ते घे.

डागांकडे वळते. हळदीचा डाग पडला आणि घाईघाईनं साबण लावला की तो एकदम लालभडक होतो, आणि मुली घाबरतात की कापड गेलं. घाबरायचं कारण नाही. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, क्षाराशी गाठ पडली की लाल होतं. पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून करतात ते याच गुणावर. साबण नीट खळबळून काढलास की लाली ओसरते आणि पिवळा डाग पुन्हा दिसतो. मग ते कापड ओलं असतानाच उन्हात टाक. कर्क्युमिनला उजेड सोसत नाही. हळद सांगलीची असो की वायगावची, एक-दोन दिवसांच्या उन्हात डाग फिका पडतोच. पांढऱ्या सुती कापडाला हा उपाय अगदी निर्धास्त कर. गडद रंगाच्या कपड्याचा रंगही उन्हानं उतरतो, तेव्हा तिथे बेतानं.

पाळीचा किंवा कसलाही रक्ताचा डाग असेल तर गरम पाणी अजिबात नको. उष्णतेनं रक्तातली प्रथिनं थिजून धाग्यात पक्की बसतात. आधी गार पाण्यात भिजवून चोळ, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदल, मग साबण लाव. आणि तो कपडा आडोशाला, दमट कोपऱ्यात वाळत घालू नकोस. कपडा आहे, त्याला ऊन मिळालं पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही.

सदऱ्याच्या कॉलरला आणि मनगटाला मळाची जी रेघ बसते ती घामाची आणि अंगच्या तेलाची असते. कपडे मशिनला लावण्याआधी कॉलर ओली करून वडी घास, पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेव, मग मशिनमध्ये टाक. ब्रशनं खरवडून कॉलर विरवण्यापेक्षा हे बरं. पैठणी, रेशीम, लोकर यांना मात्र साबण नको. ते धागे प्रथिनांचे असतात आणि क्षारानं त्यांची चमक आणि ताकद जाते. लोकरीला आणि साध्या रेशमाला रिठ्याचं पाणी चालतं. जरीची पैठणी जाणकाराकडेच दे.

काही बारीकसारीक कामं भरभर सांगते. ओट्यावरची मुंग्यांची रांग साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसलीस की त्यांच्या वाटेचा वास पुसला जातो आणि मागच्या मुंग्यांना रस्ता सापडत नाही. मूळ खाऊ उचलला नाहीस तर त्या दुसरी वाट शोधतील, तेव्हा आधी तो उचल. काचेचा पेला फुटला तर मोठे तुकडे उचलून, केर काढून झाल्यावर ओल्या साबणाची वडी फरशीवर दाबत जा, डोळ्यांना न दिसणाऱ्या कपच्या तिच्यात रुततात. मग ती वडी कागदात गुंडाळून फेकून दे, पुन्हा वापरायची नाही. न्हाणीघरातल्या आरशावर कोरड्या साबणाच्या दोन-चार रेघा ओढून मऊ फडक्यानं चकचकीत पुसलंस तर वाफ धरत नाही. चष्म्याला हे करू नकोस, हल्लीच्या काचांवर लेप असतात. कुंड्यांची माती उकरण्याआधी नखं साबणात रुतवून घे, आत माती शिरत नाही. नवी चप्पल टाचेला लागत असेल तर तिच्या आतल्या कडेवर कोरडा साबण घास.

कपड्यांच्या कपाटात मोती किंवा म्हैसूर सँडलची वडी ठेवलीस तर पावसाळ्यातला कोंदट वास मारला जातो. पण वडी साडीवर नुसती ठेवू नकोस, साबणातल्या सुवासिक तेलाचा डाग पडतो. मलमलच्या तुकड्यात बांधून कोपऱ्यात ठेव. आणि हा उपाय वासापुरताच आहे. कसरीपासून रेशीम वाचवायचं तर साड्या अधूनमधून उलगडून सावलीत वारा द्यायला हव्यात, घड्या बदलायला हव्यात.

वडी टिकवायची कशी, तेही सांगते. पाण्यात बसलेली वडी वापरण्यापेक्षा विरघळण्यातच जास्त संपते. भोकाची साबणदाणी घे आणि तिच्यात नारळाच्या काथ्याचा पातळ थर अंथर, पाणी निथळतं आणि वडी कोरडी राहते. नवी वडी वापरायच्या काही आठवडे आधी वेष्टन काढून वाऱ्यावर ठेवलीस तर ती आणखी कडक होते. संपत आलेली कपची नव्या वडीला दोन्ही ओल्या करून चिकटव. उरलेले बारीक तुकडे वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीत भरून तोंड बांध, टाचा घासायला याहून चांगली वस्तू बाजारात नाही. हात धुवायचा पातळ साबण हवा असेल तर १०० ग्रॅम कीस एक लिटर उकळत्या पाण्यात विरघळवून रात्रभर ठेव. तो दाटसर होतो. त्यात टिकवणारं रसायन नसतं, म्हणून थोडंच करायचं आणि आठवडा-दोन आठवड्यांत संपवायचं.

आता जे करायचं नाही ते, आणि हे मी अगदी जवळची म्हणून सांगते. उद्या तुझ्या घरात बाळ येईल. दोन दिवस शी झाली नाही की कुणीतरी वडीलधारी बाई मायेनं सांगेल, ‘साबणाची वात लाव.’ लावू देऊ नकोस. बाळाच्या आतल्या नाजूक त्वचेला साबणानं दाह होतो, इजा होते. अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शी न होणं पुष्कळदा नेहमीचंच असतं, आणि शंका असली तर बालरोगतज्ज्ञाला विचारायचं. त्या बाईंना दुखवू नकोस, डॉक्टरांनी नाही सांगितलंय एवढं म्हण.

दुसरं तुझ्या स्वतःच्या शरीराबद्दल. योनीच्या आतल्या भागाला साबण कधीही लावू नकोस, कितीही ‘सौम्य’ म्हणून विकलेला असला तरी. तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि तो टिकवणारे उपकारक जीवाणू तिथे राहतात. क्षारधर्मी साबण ही घडी विस्कटतो, मग जळजळ आणि संसर्ग मागे लागतो. बाहेरून साधं पाणी पुरेसं असतं. वास, खाज, वेगळा स्राव जाणवला तर साबण बदलत बसू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. आणि अंथरुणाखाली साबण ठेवला की पायात गोळे येत नाहीत, असे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांच्या नादी लागून दुखणं अंगावर काढू नकोस. गोळे वारंवार येत असतील तर रक्त तपासून घ्यायला हवं.

बघ, म्हणजे हिशेब सोपा आहे. अडतंय, घासतंय तिथे कोरडा साबण. तेलकट आहे, मळकट आहे किंवा मऊ अंगाची कीड आहे तिथे ओला साबण. रेशीम, लोकर, लोखंडी स्क्रू, कुलूप आणि शरीराचा आतला भाग इथे साबण नाही. एवढं कळलं की विकत घ्यायच्या प्रत्येक वस्तूला तू विचारशील, हिचं काम माझ्या घरातली एखादी साधी वस्तू करते का? तुझे पैसे त्यानं वाचतीलच, पण घरात काय कशासाठी आहे याची जी समज येते ना, ती मला जास्त मोलाची वाटते. तिच्याच बळावर घर निगुतीनं चालतं. तेव्हा यादीत दोन वड्या लिही, वेष्टनावरचा आकडा वाचून घे, आणि या वेळचा सिलिंडर आला की सगळ्यात आधी फेस लावून बघ.